बोलकी पाटी

हिंगोली
१२ जानेवारी २०२५, रविवार

चि. हनुमान,

आक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तू वेळेवर जेवतोस ना, की चहा-बिस्किटावरच दिवस काढतोस? इकडं थंडी मरणाची आहे. तुझे दाजी पहाटे ड्युटीवर जाताना दोन स्वेटर घालतात आणि तरी कुरकुर करतात.

पत्र बघून हसशील. ह्या जमान्यात आक्काला पत्र काहून सुचलं म्हणशील. अरे बाबा, माझा फोन आता माझा राहिलेला नाही. आमची सृष्टी शाळेतून आली की फोन घेते आणि अप्पांच्या शेजारी बसून आलेले सगळे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवते. तेवढीच आजोबांची करमणूक. परवा तू लिहिलंस, 'आक्का, नांदेडचे डॉक्टर काय म्हणाले?' तेही तिनं वाचलंच. नशीब, पुढं काही लिहिलं नव्हतंस. फोनवर बोलावं तर दोन खोल्यांचं घर. ह्या खोलीत खोकलं की त्या खोलीतून 'पाणी देऊ का' म्हणून विचारतात. म्हणून अप्पांच्या दुखण्याचं जे काही असेल ते मी असं कागदावर लिहीन. कुरिअरवाला रिपोर्ट न्यायला रोज दवाखान्यात येतो, त्याच्याकडे देत जाईन. तूही फोनवर ह्यातला चकार शब्द काढू नकोस.

आधी आमच्या दवाखान्यातल्या तुझ्या टॅबचं सांगते, कारण अप्पांची तब्येत विचारून झाली की तू तेच विचारतोस. टॅब झकास चालू आहे. काउंटरवर मी इतकी वर्षं काढली, पण सोमवारची सकाळ नकोशी व्हायची. खिडकीतून एका वेळी दहा हात आत. 'बाई, माझं आधी', 'बाई, माझी गाडी चुकंल', 'बाई, हा मागून आला आन् पुढं घुसला'. संध्याकाळी घरी आल्यावर कुणी नुसती हाक मारली तरी अंगावर यायचं. आता लोक आत आले की स्टँडपाशी उभे राहतात. नाव, गाव, कोणते डॉक्टर, फोटो, की खालून टोकन बाहेर. पैसे तिथंच, पुढची तारीख तिथंच. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला तर तो तोंडावरूनच ओळखतो, काही विचारत नाही. खेड्यातल्या लोकांनी त्याचं नाव 'बोलकी पाटी' ठेवलंय. 'पाटीकडं जाऊन या' म्हणतात एकमेकांना.

आणि तुझा आवाज! कंपनीच्या त्या तयार बाईचा पुस्तकी आवाज काढून तू स्वतः बोललास, ते फार चांगलं केलंस. ज्याला वाचता येत नाही तो कानाचं चित्र दाबतो आणि तू बोलायला लागतोस. अस्थिरोग, कर्करोग असलं कुणाला कळतंय? तू आपलं साधं बोललास, 'हाडाचे डॉक्टर', 'डोळ्याचे डॉक्टर', 'कॅन्सरचे डॉक्टर', आणि शेवटी, 'घाबरू नका. बसा. तुमचा नंबर येईल.' वारंगा फाट्याकडचे एक म्हातारबाबा परवा पाटीसमोर हात जोडून म्हणाले, 'न्हाई घाबरत बाबा, तू बोल.' अख्खा हॉल हसला. मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सत्यशीला, तुझ्या भावानं डोकं चालवलंय. मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

एकच अडचण आहे. आपल्याकडं पेशंटला त्याचं मोठं दुखणं कुणी सांगत नाही, हे तुला माहीतच आहे. घरचं माणूस खिडकीशी येऊन हळूच म्हणतं, 'बाई, त्यान्ला म्हाईत न्हाई बरं का.' मग मी केसपेपरचा वरचा कोपरा मुडपायची. माझ्या शेजारी बसते ती अफसाना, तीही तेच करायची. मुडपलेला कोपरा बघितला की डॉक्टर पेशंटसमोर एवढंच म्हणायचे, 'चांगलं आहे, गोळ्या चालू ठेवा.' मग पेशंटला बाहेर बसवायचं आणि घरच्याला आत पाठवायचं. कुठल्या डॉक्टरनं हे आम्हाला शिकवलं नाही, आपोआप पडलेली रीत आहे. आता केसपेपरच नाही तर कोपरा कशाचा मुडपणार? आम्ही दोघी आत-बाहेर पळून डॉक्टरांच्या कानात सांगतो. तू त्यात काहीतरी सोय कर. ज्याला माहीत नाही तो समोर आला तर पाटी गप्प बसेल, असं काहीतरी.

आपले अप्पा त्यातलेच. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. अप्पांना आपण घशाची सूज सांगितली आहे आणि नांदेडला मशीनचा शेक देतात तो सुजेवरचा आहे, असं सांगितलं आहे. त्यांना वाचता येत नाही हे त्यातल्या त्यात बरं. आईला त्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, आणि ती भिंतीकडं तोंड करून निजली ती पुन्हा उठलीच नाही. अप्पांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तू पहिल्याच दिवशी म्हणालास. मी हो म्हणाले. अजूनही हो म्हणते.

शिरड शहापूरची शेरडं त्यांनी ग्यानोबाकाकाकडं ठेवली आहेत आणि जीव सगळा तिकडं. घरात बसवत नाही म्हणून सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात येतात आणि हॉलमध्ये बाकावर बसतात. का, ते ऐक. तुझा आवाज ऐकायला. कुणी कान दाबला की शेजारच्याला कोपरानं ढोसतात, 'ते माझं पोरगं बोलून राहिलंय. हनुमान. पुण्याला असतंय.' त्यांचा नंबर मी माझ्याच बाजूनं लावते, फोटोही मीच काढला. टॅबला ते हात लावत नाहीत. गुरुवारी नांदेडचे डॉक्टर सहा नंबरच्या खोलीत बसतात आणि पाटी दिवसभर 'कॅन्सरचे डॉक्टर' म्हणत असते, म्हणून त्या दिवशी मी त्यांना सकाळी आणत नाही. हॉल रिकामा झाला की तुझे दाजी त्यांना घेऊन येतात. इतकी काळजी घेते, तू निर्धास्त रहा.

तू म्हणतोस, दिवाळीला येऊन गेलो, आता मधेच उगवलो तर अप्पांना संशय येईल. ते काही खोटं नाही. पण ते रोज विचारतात आणि मी रोज नवी थाप मारते, कधी तुझी सुट्टी नाही, कधी कंपनीचा साहेब वाईट. तुझा साहेब कसा आहे कुणास ठाऊक, पण अप्पांमुळं शिरड शहापूरपर्यंत त्याचं नाव फार खराब झालंय.

जपून रहा. टॅबच्या त्या सोयीचं विसरू नकोस.

तुझी
आक्का


हिंगोली
९ फेब्रुवारी २०२५

चि. हनुमान,

अनेक आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक. वसमतकडून गाड्या येतात तशी हळद शिजवल्याचा वास येतो, सृष्टीला त्यानं शिंका येतात. तिची परीक्षा जवळ आली, पुस्तक उघडत नाही.

काम आहे म्हणून लिहिते. त्या टॅबमधला तुझा आवाज काढून टाक.

विशेष काही कारण नाही. स्पीकर फार मोठा आहे, डॉक्टरांना आत त्रास होतो. लोकही टिंगल करतात, पोरंसोरं उगीच कान दाबून पळतात. कंपनीची ती बाईच बरी होती, तिचं बोलणं निम्म्या लोकांना कळत नव्हतं, तरी चालायचं. आणि खोल्यांचे नुसते नंबर ठेव. 'खोली नंबर सहा' एवढंच पुरे, कोणते डॉक्टर हे ओरडून सांगायची गरज नाही. मी मागं सांगितलेली ती सोय तू 'पुढच्या अपडेटला करतो' म्हणालास. पुढचं अपडेट कधी येतं रे? नसेल होत तर निदान आवाज तरी काढ. एवढं ऐक.

अप्पा बरे आहेत. दुधात भाकरी कुस्करून देते, ती गाळून घ्यावी लागते, पण घेतात. हॉलमध्ये बसायला हल्ली येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. असतील दुखत.

तू परवा फोनवर म्हणालास, अप्पा काहून बोलत नाहीत, नुसतं हूं हूं करतात. घसा बसलाय त्यांचा. शेक घेतल्यावर असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मनात काही आणू नकोस. शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं म्हणतात, दाजी घेऊन जातील. ग्यानोबाकाका येऊन गेले. अप्पांनी त्यांना सांगून टाकलं की शेरडं आता तुमचीच समजा, परत मागणार नाही. मी म्हटलं असं काहून, बरं वाटल्यावर काय करणार? तर म्हणाले, म्हातारपणी कुठं डोंगर तुडवत फिरू. खरंच आहे तेही.

तू कधी येणार हे ते आता विचारत नाहीत. त्यामुळं मला थापा माराव्या लागत नाहीत, तेवढं माझं काम कमी झालं.

तुझ्या डोळ्यांपुढं सारखा तो स्क्रीन असतो, डोळ्यांत औषध घालत जा. दुसरं काही नाही. आवाजाचं तेवढं कर.

आक्का


हिंगोली
२ मार्च २०२५, रविवार

हनुमान,

हे पत्र भावसिंगच्या हाती देते आहे. तुझ्या दाजींच्या ओळखीतला ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर. सकाळी गाडी वाकडला लागली की तो तुला फोन करील. पाकीट त्याच्या हातून तूच घे, मित्राला पाठवू नकोस. ऑफिसात उघडू नकोस. खोलीवर जा, दार लाव, मग वाच.

आज दुपारी मी तुला फोन लावला होता. रविवार असूनही तू म्हणालास, 'आक्का, कामात आहे, रात्री बोलू.' रात्री अप्पा शेजारी असतात. म्हणून लिहायला बसले. अप्पांना दिलेला शब्द मी ह्या पत्रात मोडते आहे, तेव्हा नीट वाच.

अप्पांना कळलंय. आज-काल नाही, जानेवारी संपता संपताच कळलंय. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला ते माहीत होतं आणि मी तुला हळदीचा वास नि पोरीची परीक्षा लिहीत बसले.

तो गुरुवार होता. नेहमीसारखा हॉल रिकामा झाल्यावर दाजींनी अप्पांना आणून बाकावर बसवलं आणि ते गाडी लावायला गेले. नांदेडचे डॉक्टर आत शेवटचा पेशंट बघत होते. मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली म्हणून मी वर गेले होते. खाली फक्त अफसाना. हॉलमध्ये चिटपाखरू नाही, त्यामुळं पाटीही गप्प. अप्पांना तुझा आवाज ऐकायचा होता रे. दाबणारं कुणी नव्हतं. इतके दिवस बसून बसून त्यांनी बघितलेलं होतं, लोक कुठं बोट ठेवतात ते. उठले, टोपी नीट केली, पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि कानाच्या चित्रावर बोट टेकवलं.

तोंड ओळखलं तिनं. आणि तू बोललास.

'नमस्कार. तुमची नोंद आहे. कॅन्सरचे डॉक्टर. खोली नंबर सहा. घाबरू नका. बसा. तुमचा नंबर येईल.'

अफसाना खुर्चीतून उठेपर्यंत अप्पांनी पुन्हा बोट टेकवलं होतं. पुन्हा तेच. ती सांगते, अप्पा वळून तिला म्हणाले, 'पोरी, ही पाटी मानूस बघून बोलती व्हय?' तिनं त्यांना पाणी दिलं. ते प्याले नाहीत, पेला हातात धरून बसले. मी खाली आले तर म्हणाले, 'चल, डॉक्टर बोलवून राहिला.' आत गेले, डॉक्टरांनी 'चांगलं आहे, चालू ठेवा' म्हटलं, अप्पांनी मान डोलावली आणि डॉक्टरांना रामराम करून बाहेर आले. मला काही कळलं नाही. ते घरी गेल्यावर अफसानानं मला स्टोअर रूममध्ये नेलं आणि रडत रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्पीकरवर चिकटपट्टीचे थर चढवले. तू फोनवर हसलास ना, आक्का आवाज काहून काढायचा, लोकांना आवडतोय म्हणून? ती पट्टी अजून आहे.

घरात ते काही बोलले नाहीत. मीही नाही. दोघं एकमेकांकडं चोरासारखे बघत होतो. रविवारी दाजी ड्युटीवर, सृष्टी मैत्रिणीकडं. मी दूध गाळत होते. अप्पा चुलीशी... आता गॅस आहे, पण ते अजून चुलीशीच म्हणतात... तिथं येऊन बसले आणि म्हणाले, 'सत्या, दूध राहू दे. मला म्हाईत झालंय.'

मी वेड पांघरलं. 'काय माहीत झालंय अप्पा?'

'कॅन्सर हाय ते.'

'कुणी सांगितलं तुम्हाला?'

'हनुमानानं.'

मी गाळणं खाली ठेवलं. मग म्हणाले, 'त्याचा आवाज होता म्हनून मी पायावर उभा राहिलो गं. परका आसता तर तिथंच पडलो आसतो. घाबरू नका म्हनला. आता पोरगंच म्हनून राहिलं म्हनल्यावर काय घाबरायचं?' आणि हसले. हसताना त्यांना खोकला येतो आणि मग रक्त येतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

मला वाटलं होतं ते आईसारखे होतील. नाही झाले. त्यांना दुखण्याचं काहीच विचारायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, 'तुमाला कवापासून म्हाईत?' मी म्हणाले, पहिल्या दिवसापासून. 'त्यालाबी?' मी म्हणाले, हो अप्पा, त्यालाही.

आणि मग म्हणाले, 'मंग पोरगं आलं काहून न्हाई?'

मी सांगितलं, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. तुमचं मन राखायला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. म्हणाले, 'मी समजत व्हतो, माझं दुखनं एवढं वाढलंय हे त्याला ठाऊकच न्हाई. ठाऊक आसतं तर धावत आलं आसतं. तेच म्हनून म्हनून मी दिस ढकलीत व्हतो.'

तुला कळतंय का हनुमान? ते बाकावर बसून लोकांना माझं पोरगं म्हणून सांगत होते तेव्हा त्यांची हीच समजूत होती, की पोराला माहीत नाही म्हणून पोरगं लांब आहे. आपण त्यांच्यापासून कॅन्सर लपवला, आणि त्यांना लागलं ते भलतंच. मी तुझी बाजू घेतली, पुष्कळ घेतली. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, 'शहाणे हाव रे तुमी दोघं. लई शहाणे.' आणि माझा हात धरून शपथ घातली, तुला यातलं काही सांगायचं नाही. 'त्याच्याच आवाजानं कळलं हे त्याला कळू देऊ नको. जन्मभर खात राहील ते त्याला. हौसेनं बोललंय पोरगं.' त्या दिवसापासून ते तुझ्याशी फोनवर हूं हूं करतात. तोंड उघडलं तर कळलेलं बाहेर पडेल म्हणून. तू तिकडून त्यांना फसवतोस, ते इकडून तुला फसवतात, आणि मी मधे फोन धरून बसते.

मला तुझा राग आला. तो लपवून काय करू? रात्र रात्र आला. त्या सोयीसाठी मी जीव तोडून लिहिलं आणि तू अपडेट अपडेट करत बसलास. मग स्वतःचाही आला, मी वर गेले नसते तर! अफसाना म्हणते, मशीननं काय केलं, तिच्यात भरलं तेच ती बोलली, खोटं बोलायचं काम तर माणसाचं. खरं सांगू? पाटीनं सांगितलं त्याचं मला आता तितकं वाटत नाही. आपण दोघांनी शेजारी बसून सांगितलं नाही, ते मात्र जात नाही मनातून. तेव्हा तूही त्या आवाजाला धरून रडत बसू नकोस. तुझ्या टॅबनं लोकांचं भलंच झालंय, काउंटरवरची मीच सांगते.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी शब्द मोडला. गाठ वाढली आहे आणि श्वासाची वाट बंद होत चालली आहे. रात्री ते बसून काढतात, आडवं झालं की घुसमटतात. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची, म्हणजे श्वास घेता येईल. अप्पांनी ह्या वेळी मला बाहेर बसवलं. हो, त्यांनी मला! म्हणाले, 'माज्याशी बोला साहेब, मला समदं म्हाईत हाय.' मी दाराशी उभी राहून ऐकलं. त्यांनी किती दिवस राहिले ते विचारलं नाही. विचारलं, 'बोलता येईल का?' डॉक्टर म्हणाले, 'नाही बाबा, ह्यानंतर आवाज येणार नाही.' अप्पा म्हणाले, 'कवा करायचं?' डॉक्टर म्हणाले, 'येत्या गुरुवारी.' अंगठा त्यांनी स्वतः लावला.

तेव्हापासून त्यांच्या तोंडाला खळ नाही. आवाज म्हणजे नुसता घोगरा श्वास राहिलाय, कान तोंडाशी न्यावा लागतो, पण बोलतात. सृष्टीला शेरडांची नावं सांगतात. दाजींना गाडी हळू चालवायचं सांगतात. मला आईच्या गोष्टी सांगतात, कधी न सांगितलेल्या. काल रात्री मी पाठ चोळत बसले होते तर एकदम तुझ्यावर घसरले. 'हेल्या! एवढं शिकवलं त्या हेल्याला, आन् बापापुढं यायला त्याला निमित्त लागतंय! समोर आसता तर कानफटात दिली आसती!' खोकले, थुंकले, पुन्हा सुरू. मी म्हटलं अप्पा, दमाल, झोपा. म्हणाले, 'मला बोलू दे. हे त्याच्या तोंडावर बोलायचं ऱ्हाऊन गेलं.' आणि ढसाढसा रडले. मी त्यांना आईच्या वेळीसुद्धा असं रडताना बघितलं नव्हतं.

म्हणून शब्द मोडला. पुढं ते मला काय म्हणायचं ते म्हणोत.

वाचून झालं की कुणाला काही विचारू नकोस. रजा मिळाली तर बरं, नाही मिळाली तर तशीच टाक. भावसिंगची गाडी सोमवारी रात्रीच वाकडहून परत निघते, त्याला मी तुझी सीट ठेवायला सांगितलंय. मंगळवारी सकाळी घरी पोहोचशील. मधे बुधवार एक. आधी फोन करू नकोस, मी येतो म्हणून निरोप पाठवू नकोस. दारातून सरळ आत ये आणि त्यांच्या तोंडापाशी कान नेऊन बस. तुला काय वाटतं, तू काहून आला नाहीस, ते काही सांगत बसू नकोस. ते गुरुवारनंतरही सांगता येईल, त्यांना ऐकू येणार आहे.

माफी मागायला येऊ नकोस. अप्पांना तुला एकदा पोटभर शिव्या द्यायच्या आहेत, त्या खायला ये.

तुझी
आक्का